टेम्पोला किती सीसी हवेत?

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला उतरून सी.एस.टी. रोडने कालिन्याकडे चालू लागले, की जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने लागतात. फळीवर गिअर, खिळ्याला टांगलेले पट्टे, दाराशी तेलकट इंजिने. तेथे इंजिनाबद्दल गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो "कितने सीसी का?" हा, आणि लगोलग दुसरा, "टर्बो लगेगा?" शाळेतली मुलेही हेच दोन प्रश्न विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न अपुरा आहे आणि दुसरा घाईचा. रोज माल वाहणाऱ्या टेम्पोच्या बाबतीत तर या घाईची किंमत मालकाला, चालकाला आणि रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलांनाही मोजावी लागते.

सीसी म्हणजे घनसेंटिमीटर हे आपण जाणतोच. दट्ट्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा झाडून काढतो, तिचे घनफळ काढून सिलिंडरांच्या संख्येने गुणावे. कुर्ल्यातल्याच प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी घ्या. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, सिलिंडर ४. वहीत मांडून पाहा, १०८९ घनसेंटिमीटर येतील. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या या कंपनीने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो मालमोटारीही बांधल्या. त्यांत पर्किन्सचे पी-६ हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन बसे. घनफळ सुमारे ४.७ लिटर आणि शक्ती ८० अश्वशक्तीच्या आसपास. आज २ लिटरच्या डिझेल इंजिनातून १४० अश्वशक्ती निघते. मग एवढे मोठे धूड कशाला, असे कोणालाही वाटेल. लहान इंजिन घ्यावे, टर्बो लावावा, काम झाले!

इथेच थोडे थांबून गणित करू. इंजिन शक्ती निर्माण करते ती इंधन जाळून, आणि इंधन जळायला हवा लागते. डिझेलच्या टाकीत कितीही इंधन असो, सिलिंडरमध्ये हवा जेवढी शिरेल तेवढेच नीट जळेल. सीसीचा खरा अर्थ हा, की इंजिन एका दमात किती हवा ओढू शकते. मिनिटाला असे किती दम, हे फेऱ्यांवर अवलंबून असते.

समजा, मालासह साडेपाच टनांचा टेम्पो आहे. तो एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर आहे. वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा हा चढ आहे आणि वेग ताशी २० किलोमीटर. वजनाचा चढावरून मागे खेचणारा भाग सुमारे २,७०० न्यूटन, टायरांचा रोध साधारण ५४० न्यूटन. बेरजेला सेकंदाला ५.५६ मीटरने गुणले की १८ किलोवॉट मिळतात. गिअर, दांडा वगैरेंत होणारी घट धरली तर इंजिनाने २० किलोवॉट द्यायला हवेत.

आता इंजिन मिनिटाला १,२०० फेरे फिरत आहे असे धरा. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदाच हवा आत येते, म्हणून ३ लिटरचे इंजिन मिनिटाला १,८०० लिटर हवा ओढेल. सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाही, ८५ टक्के धरू. मुंबईच्या उकाड्यात एक लिटर हवेचे वजन सुमारे १.१५ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलो हवा. धूर होऊ द्यायचा नसेल तर डिझेल हवेच्या विसाव्या हिश्श्याइतकेच सोडावे, ते झाले ८८ ग्रॅम. एका ग्रॅमला ४३ किलोज्यूल उष्णता आणि त्यातली ३५ टक्के कामी येते असे धरले, तर २२ किलोवॉट मिळतात. टेम्पो चढतो. टर्बोची मदत लागली नाही.

हेच २ लिटरच्या इंजिनासाठी करा. उत्तर १५ किलोवॉटच्या जवळपास येते. टेम्पो अडतो!

टर्बो असतो तो याचसाठी, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. फुकटची शक्ती वापरणारी ही युक्ती मला फार आवडते. पण चाक फिरवायला गरम वायूचा पुरेसा झोत हवा, आणि इंजिन संथ चालत असताना झोत क्षीण असतो. नव्या टर्बोत हलती पाती असतात. त्यांमुळे कमी फेऱ्यांनाही थोडा दाब मिळतो, तरी चाक वेग घेईपर्यंतचा क्षण चुकत नाही. लाल बहादुर शास्त्री मार्गावर सकाळी दहा वाजता टेम्पो एका सिग्नलकडून दुसऱ्याकडे रांगतो तेव्हा हा 'क्षण' दिवसातून शेकडो वेळा येतो.

शिवाय दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाला हात लावून पाहा. ३० अंशांची हवा दीडपट दाबाने दिली, तर टर्बोतल्या सामान्य घटीसह ती ८० अंशांच्या वर जाते. दाब दीडपट झाला तरी एका लिटरमधली हवा सव्वापटीपेक्षा जराच जास्त होते. म्हणून मध्ये हवा थंड करणारी जाळी बसवतात. जाळीला वारा लागतो तो गाडी पळत असताना. वाहतुकीत अडकलेल्या टेम्पोला वारा कुठला?

गॅरेजमध्ये यावर एक सोपा आणि वाईट उपाय केला जातो. इंधनपंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात. हवा तेवढीच, इंधन जास्त. न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो आणि मागच्या रिक्षातल्या मुलांच्या नाकात जातो. दाब चढेपर्यंत डिझेल आवरून धरणारा पडदा चांगल्या पंपात असतो. तो काढून टाकला की 'गाडी उचल खाते' असे सांगतात. माझ्या दृष्टीने हा गुन्हाच आहे, मग तो करणारा कितीही कुशल असो.

तेव्हा माझे मत असे. रोजच्या टेम्पोचे घनफळ अशा बेताने निवडावे, की भरलेली गाडी टर्बोशिवाय हलेल आणि साधा चढ चढेल. टर्बोने त्यावरचे काम करावे, म्हणजे कसारा घाट, महामार्ग आणि मागून येणाऱ्या गाड्यांची घाई. साडेपाच टनांना ३ लिटर हा आकडा वरच्या गणितातून आला आहे, आणि तो केवळ कागदी नाही. टाटांचा ४०७ हा टेम्पो १९८६ मध्ये आला तेव्हा त्याचे चार सिलिंडरचे इंजिन २,९५६ सीसीचे होते, टर्बोविना, सुमारे ७५ अश्वशक्तीचे. पुढे टर्बो आला आणि शक्ती १०० अश्वशक्तींपर्यंत गेली, पण घनफळ तेच, २,९५६ सीसी, ठेवले गेले. टर्बो आला म्हणून इंजिन लहान केले नाही.

याउलट मत असणारे म्हणतील, की २ लिटरवाल्याने गिअर उतरवावा आणि १,८०० फेऱ्यांवर चालवावे, हवा तेवढीच मिळेल. गणित बरोबर आहे. इंजिन हलके, तेवढा माल जास्त, आणि गाडी रिकामी असताना घर्षण कमी. मोठ्या इंजिनाचे घर्षण तर सिग्नलला उभे असतानाही डिझेल खाते, त्यामुळे याच टेम्पोत ४.७ लिटरचे पी-६ घालणे शुद्ध उधळपट्टी ठरेल. रिकाम्या महामार्गावर एकट्याने फिरणाऱ्या मोटारीसाठी मी लहान इंजिनाच्या बाजूने कौल देईन. पण भरलेल्या टेम्पोत ते सतत दीडपट फिरणार, बेअरिंगे व क्लच तेवढे झिजणार, आणि दुरुस्तीचा दिवस म्हणजे बिनकमाईचा दिवस.

सरकारलाही सीसीचा मोह सुटत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी व त्यावरील डिझेल मोटारींच्या नोंदणीस मनाई केली. महिंद्रांनी काही आठवड्यांत २,१७९ सीसीच्या इंजिनाची १,९९० सीसीची आवृत्ती बाजारात आणली, शक्ती पूर्वीइतकीच! ऑगस्ट २०१६ मध्ये मनाई उठली. धुराड्यातून दर किलोमीटरला काय बाहेर पडते ते मोजायचे सोडून दट्ट्याने झाडलेली जागा मोजली, की असे होते. मोटार वाहन कायद्याचे १९८८ चे कलम ५२ मात्र मला योग्य वाटते. नोंदणीपुस्तकात लिहिलेले इंजिन परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि सी.एस.टी. रोडवर इंजिनाला हात लावण्यापूर्वी हे आठवावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. वायूंचे नियम शिकवताना फुगा आणि पिचकारी यांच्या जोडीला हा टेम्पो फळ्यावर आणावा. कुर्ल्यातला शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोडच. तोच पुढे ठाणे, भिवंडी, कसारा घाट ओलांडून नाशिकला जातो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच, तेथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी. वरच्या ३ लिटरच्या बिनटर्बो इंजिनाचे २२ किलोवॉट तेथे किती उरतील, आणि आपला टेम्पो तोच चढ चढेल का?