कुंपणापलीकडचे मिग

आमच्या निफाड तालुक्यात 'मिग' हे गावाचे नाव आहे. एस.टी.त बसून "एक मिग द्या" म्हटले की कंडक्टर मुकाट्याने तिकीट फाडतो. "मुलगा मिगमध्ये लागला" एवढ्या वाक्यावर सोयरिकी जमतात. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना झाला आणि तिथे रशियन बनावटीची मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. त्यांची इंजिने कोरापुटची, सांगाडा मात्र ओझरचा! पुढे कामगारांची वसाहत झाली, हवाई दलाचा विमानदुरुस्तीचा तळही आला, आणि लोकांनी विमानाचेच नाव वस्तीला देऊन टाकले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला निरोप देण्यात आला. कुणी १९७१च्या युद्धातला पराक्रम आठवला, कुणी 'उडती शवपेटी' म्हणून हिणवले. आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर आमच्याकडे टी.व्ही. पाहत बसले होते. तो शब्द आला तसे ते उठले आणि चहा न घेताच गेले. अपघातांत तरुण वैमानिक गेले हे खरेच आहे. ते झाकून गौरव करावा असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी तीस-तीस वर्षे पाळ्या करून ही विमाने जोडली, त्यांच्याविषयी कुणी चार वाक्येही बोलू नयेत?

धावपट्टीपासून आमची शाळा पाचेक किलोमीटरवर. सुखोई उडाले की छपराचे पत्रे थरथरत. बाई कविता शिकवताना खडू हातात धरून थांबत आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करीत. रविवारी आम्ही सायकलींवर कुंपणापर्यंत जात असू. आतून शिटी वाजली की धूम पळत सुटायचे! शाळेची सहल रायगडला गेली, शिर्डीला गेली. या पाच किलोमीटरवर काही गेली नाही.

मग विमानच जवळ आले. २७ जून २०१८ला मी सातवीत होते. वावी ठुशीच्या शिवारात सुखोई कोसळले. गावातली माणसे मोटारसायकली काढून धावली; आम्हा मुलींना कुणी नेले नाही. ४ जून २०२४ला शिरसगावच्या शेतात दुसरे पडले. सारा देश त्या दिवशी निवडणुकीचे निकाल ऐकत होता. दोन्ही वेळी वैमानिक हवाईछत्रीने सुखरूप उतरले, ही देवाची कृपा. तोवर विमान म्हणजे आम्हांला नुसता आवाज. आता जळालेले शेतही ठाऊक झाले. धड विमान जवळून पाहायचे मात्र राहिलेच.

लढाऊ विमानांचा कारखाना म्हणजे जत्रेचे मैदान नव्हे, हे मलाही कळते. पण वर्षातून एक दिवस, एखाद्या शेडमध्ये एक जुने मिग ठेवून, आसपासच्या गावांतल्या शाळांना आत सोडायला काय हरकत आहे? माहिती सांगायला ते निवृत्त फिटर आनंदाने येतील. कुणी म्हणेल, पाहून काय होणार? आमच्या वर्गात चौतीस मुली होत्या. 'मी कोण होणार' या निबंधात एकीनेही वैमानिक किंवा इंजिनिअर लिहिले नाही, मीही नाही. आतली माणसे कुठून तरी लांबून येतात, अशीच आमची समजूत होती.

१७ ऑक्टोबर २०२५ला ओझरला बांधलेल्या तेजस मार्क-१एने पहिले जाहीर उड्डाण केले. छाटणीचे दिवस होते. आई दुसऱ्याच्या द्राक्षबागेत डोळ्यांना पेस्ट लावीत होती. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "आज नवंच काहीतरी उडालं गं. सुखोई नव्हतं ते, आवाज पातळ होता." मी तिला पेपरातला फोटो दाखवला. तिने हात पुसून तो नीट धरला आणि विचारले, "एवढंसंच असतं का?"