खुर्ची टपावर, माणूस घरात : गाडी नाकारणं हाही बहिष्कारच

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की धाराशिव जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत एकच हिशेब सुरू होतो. क्रूझर किती, टेम्पो ट्रॅव्हलर किती, माणशी किती पडतात. कळंब असो, भूम असो की उमरगा, वर्गणी जमते, नावं लिहिली जातात आणि गाड्या नागपूरला निघतात. ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, तेव्हाही हेच. या याद्यांमध्ये एक नाव सहसा नसतं. व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसाचं.

त्याला कुणी 'येऊ नको' म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. गाडीची पायरी उंच, दार अरुंद, आत खुर्ची ठेवायला जागा नाही. भाड्याने स्वतंत्र गाडी मागितली तर मालकाचं उत्तर ठरलेलं असतं : खुर्ची टपावर बांधा, माणसाला उचलून मधल्या सीटवर ठेवा आणि जागा जास्त अडते म्हणून भाडं जास्त द्या. वस्त्यांत काम करताना आम्ही हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याला योगायोग म्हणता येत नाही.

साथींनो, जास्तीच्या भाड्याची ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांकडे गोरेगावला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. १९२९ साली चाळीसगावला बॅरिस्टर आंबेडकरांना टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला, पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला आणि ते काही दिवस हालचाल करू शकले नाहीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

जातीची अस्पृश्यता आणि अपंगत्व एकच आहे असं आम्ही म्हणत नाही. मसूरच्या गाडीवानाला विटाळाची भीती होती, आजच्या गाडीमालकाला खोळंब्याची आणि तोट्याची आहे. पण व्यवहार तोच आहे. नकार देणारा मोकळा सुटतो आणि त्या नकाराची किंमत, ज्याला नाकारलं तोच भरतो. शिवाय हा प्रश्न आपल्या घरातला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होतं. गटारात कोण उतरतं, वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात कोण राबतं, उपचाराविना कोण राहतं, हे ठाऊक असणाऱ्याला या फरकाचं कारण वेगळं सांगायला नको.

आता कायदा बघा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ सांगतं की वाहतुकीची सर्व साधनं अपंगांना वापरता येतील अशी करण्यासाठी सरकारने उपाय योजावेत. जुनी वाहनंही, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे, बदलून घ्यावीत. १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बससाठी राखीव आसनं, कुबड्या ठेवण्याची सोय, हाताला धरायला दांडे, व्हीलचेअर आत घेऊन बांधण्याची व्यवस्था, हे सगळं लिहिलेलं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवर ठेवणं कायद्याशी विसंगत ठरवलं आणि बंधनकारक निकष करायला सांगितलं.

आणि एसटी स्टँडवर काय दिसतं? एसटी अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते. सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही. जो बसमध्ये चढूच शकत नाही त्याच्यासाठी ७५ टक्के म्हणजे शून्य. अपंगत्वाच्या दाखल्याच्या तपासणीसाठीही माणसाने जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत यावं, पण कसं यावं ते त्याचं त्याने पाहावं! वर त्याला 'दिव्यांग' म्हणायचं. गोड नाव देऊन हक्क टाळण्याची ही रीत आपण ओळखतो. 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्याविरुद्ध १९३८ साली मुंबई विधानसभेत बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला होता, तो याच कारणासाठी.

आपल्यातलेच काही म्हणतात, 'आपण आहोत ना, उचलून नेऊ.' भावना चांगली आहे, पण परक्या पुरुषांनी उचलून ठेवलेल्या बाईला विचारा, तिला काय वाटतं. लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या माणसाला विचारा. उचलणाऱ्याची सोय, उचलणाऱ्याची वेळ, उचलणाऱ्याची मर्जी. मर्जीवर जगणं सोडा, हेच तर बाबासाहेब आपल्याला सांगत होते. १९४१ साली याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदारांची परिषद झाली. दुसऱ्याच्या मेहेरबानीवरचं वतन नाकारणाऱ्यांचे वारस आपण. मग माणसाला कुणाच्या खांद्याच्या मेहेरबानीवर का ठेवायचं?

दुसरा आक्षेप : 'खेड्यात असे असून असून किती? गाडी उभी राहील.' जे घराबाहेर पडूच शकत नाहीत ते मोजणार कसे? सोलापूर-लातूरच्या दवाखान्याच्या वाऱ्या, लेकरांच्या शाळा-परीक्षा, लग्नकार्य, पाय थकलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना हीच गाडी लागते. तीत अवघड असं काही नाही. मागचं दार उघडतं, उताराची फळी किंवा लिफ्ट खाली येते, खुर्चीसकट माणूस आत जातो, खुर्ची पट्ट्यांनी तळाला आवळली जाते आणि माणसाला वेगळा पट्टा लागतो. मुंबईत इझीमूव्ह, बेंगळुरूत किकस्टार्ट कॅब्स अशा गाड्या घेऊन उतरल्या. लंडनमध्ये तर काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर चढलीच पाहिजे असा नियम आहे आणि त्यासाठी जादा भाडं घेणं गुन्हा आहे.

हे कुणी दयेपोटी दिलेलं नाही. जुलै १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९ अपंग कार्यकर्त्यांनी भर चौकात बस अडवून ठेवल्या आणि रात्रही रस्त्यावरच काढली. बसमध्ये लिफ्ट हवी, एवढीच मागणी होती. चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्यांच्या लेकरांना ही भाषा कळायला वेळ लागू नये.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत व्हीलचेअर चढणारी निदान एक भाड्याची गाडी हवी, दर साध्या गाडीइतकाच आणि फलकावर लिहिलेला. पैसा जिल्हा नियोजन समितीतून आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अपंगांसाठीच्या पाच टक्के निधीतून यावा. ती चालवण्याचं काम अपंगांच्याच बचत गटाला मिळावं. एसटीच्या प्रत्येक आगारातून व्हीलचेअर चढेल अशी बस सुटावी आणि तिची वेळ स्टँडवर लागावी.

आणि एक काम कुणाकडे न मागता आजच करता येतं. जयंतीला, नागपूरला, दादरला आपण एकेका गावातून चार-पाच गाड्या ठरवतो. गिऱ्हाईक आपण आहोत. बयाणा देण्याआधी अट घाला : एका गाडीत खुर्ची आत जाईल, वेल्डिंगवाल्याकडून मजबूत फळी आणि पट्टे बसवून घेतले जातील, भाडं सगळ्यांना सारखंच राहील. मान्य नसेल तर पाचही गाड्या दुसऱ्याकडून. डीजेच्या वर्गणीतला थोडा भाग या फळीकडे वळवला तर मिरवणुकीचा आवाज कमी होणार नाही.

येत्या यादीत पहिलं नाव खुर्चीवरच्या साथीचं लिहा. गाडी त्याच्या मापाने ठरवा. बाकीचे कुठल्याही गाडीत बसू शकतात.

जय भीम!