करार एकाचा, बिऱ्हाड दोघांचे

लोअर परळच्या काचेच्या इमारतींत ‘ऑनसाइट’ या शब्दाला अजूनही वजन आहे. कुणाला म्युनिकचे मिळाले, कुणाला ॲम्स्टरडॅमचे, कुणी डब्लिनहून आता बर्लिनला निघाले. कंपनीकडून पत्र येते, त्यात पगाराचा युरोतला आकडा असतो, विमानभाडे असते, पहिले काही आठवडे राहण्याची सोय असते, कधी सामान हलवण्याचा खर्चही असतो. नवराबायकोपैकी ज्याच्या नावे हे पत्र नसते, त्याच्या वाट्याला मात्र एकच शब्द येतो: डिपेंडंट. बहुतेक घरांत हा शब्द बायकोच्या नावापुढे लागतो, काही घरांत नवऱ्याच्या. पत्र वाचताना घरचे सगळे पगाराच्या आकड्यावर बोट ठेवतात, या शब्दावर कुणाचे ठेवले जात नाही. माझे म्हणणे असे की जोडप्याने युरोपात जावे की नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे गेल्यावर शहर बदलावे की नाही, याचा निर्णय त्या दुसऱ्या माणसाच्या पायाखालच्या जमिनीवरून व्हायला हवा. ती जमीन तयार होण्याआधी देश बदलणे हा बढतीच्या वेष्टनात गुंडाळलेला तोटा असतो.

लोअर परळला हे गणित नवे नाही. आज जिथे ही कार्यालये उभी आहेत, त्या गिरण्यांच्या आवारात शंभर वर्षांपूर्वीही करार एकाशीच होत असे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला गडी एकटा यायचा आणि गाववाल्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा धरायचा. पाळी संपवून आलेला झोपायचा तेव्हा दुसरा कामावर निघायचा. बीडीडी चाळीतली एकशेसाठ चौरस फुटांची खोली संसारासाठी होती, पण कित्येक खोल्यांत संसार नव्हताच, होते ते नुसते बाप्ये. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या बायकांची संख्या पुरुषांच्या जेमतेम निम्मी भरली, ती यामुळे. गिरणी एका माणसाचा पगार देत होती. म्हातारे आईबाप, मुले, शेत, आजारपण हे सगळे गावाकडची बायको सांभाळत होती आणि ते कुठल्याही मस्टरवर चढत नव्हते. ज्या बायका मुंबईत आल्या त्यांना वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम मिळे. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत त्यांचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा होता. पुढे तो घसरत गेला. नवी यंत्रे आली, रात्रपाळीला बायकांना बंदी झाली, १९२९ च्या मुंबई कायद्याने बाळंतपणाचा भत्ता लागू केला, आणि मालकांना बाई ‘महाग’ वाटू लागली. गिरणीबाहेर पडलेल्या बाईने मग घरातच खानावळ घातली, गाववाल्यांना जेवू घातले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. गिरणगावाची चूल या दुसऱ्या कमाईवर पेटत होती, पण तिला कमाई म्हणायला बराच काळ कुणी तयार नव्हते.

गिरणी कामगाराशी युरोपातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरची तुलना करणे काहींना अतिशयोक्त वाटेल. एकाला पोट बाहेर काढत होते, दुसरा संधीसाठी जातो. एकाची बायको शेकडो मैलांवर होती, दुसऱ्याची शेजारच्या सीटवर बसून विमानातला सिनेमा पाहते. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. सारखेपण परिस्थितीत नाही, हिशेबाच्या पद्धतीत आहे. दोन्हीकडे काम देणारा एका माणसाची किंमत ठरवतो आणि दुसऱ्याचे श्रम, शिक्षण, वेळ फुकटात धरतो. उलट आजच्या हिशेबात बुडणारी रक्कम अधिक मोठी आहे. गावाकडच्या बाईची पदवी वाया जात नव्हती, कारण तिला शाळाच मिळाली नव्हती. आजची ‘डिपेंडंट’ दंतवैद्य असते, वकील असते, बीएड करून दहा वर्षे शिकवलेली शिक्षिका असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे ‘डिपेंडंट’ म्हटले की अमेरिकेचा एच-४ व्हिसा आठवतो. त्यावर गेलेल्यांना २०१५ पर्यंत नोकरी करता येत नव्हती आणि त्यानंतरही ती सवलत ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना मिळाली. युरोपात कायदा बराच उदार आहे. युरोपीय संघाच्या ब्लू कार्डाचा, म्हणजे संघाबाहेरच्या उच्चकुशल कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या परवान्याचा, सुधारित निर्देश २०२१ मध्ये मंजूर झाला, त्यात कार्डधारकाच्या जोडीदाराला नोकरीची आणि स्वतःच्या व्यवसायाची मुभा आहे. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदाराला वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येते. आयर्लंडने मार्च २०१९ पासून क्रिटिकल स्किल्स परवानाधारकांच्या जोडीदारांना तशीच सवलत दिली. म्हणजे दार उघडे आहे. पण दाराच्या आत दुसरे दार आहे, आणि त्याची किल्ली परवान्यात नसते. जर्मनीत डॉक्टरकी करायची तर रुग्णाशी बोलण्याइतकी जर्मन पुरत नाही, वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि पदवीची तपासणी त्या त्या राज्याच्या कार्यालयात होते. शाळेत शिकवायचे तर साधारण दोन विषयांची पात्रता मागतात. वकिलीचे तर बोलायलाच नको, कारण मुंबईत शिकलेला कायदा कोलोनच्या कोर्टात काय कामाचा? संगणकाचे काम जाणणाऱ्याला यातले काहीच लागत नाही, त्याच्या ऑफिसात इंग्रजी चालते. त्यामुळे एकाच घरात एकाला युरोप सोपा वाटतो आणि दुसऱ्याला तो रोज सकाळी नव्याने चढायचा जिना असतो. गंमत अशी की जर्मनी एरवी जोडीदाराकडून व्हिसाआधी प्राथमिक जर्मनचा दाखला मागते, पण ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला त्यातून सूट देते. ही सूट सगळे आनंदाने घेतात, आणि मग ती व्यक्ती भाषेचा एकही शब्द न येता उतरते.

आता यावर शहर बदलण्याचा प्रश्न ठेवून पाहा. ब्लू कार्डधारकाला पहिल्या देशात बारा महिने झाले की तुलनेने सोप्या वाटेने संघातल्या दुसऱ्या देशात जाता येते. आधी हा काळ अठरा महिन्यांचा होता. तरुण जोडप्यांना यात युरोपभर फिरण्याची मजा दिसते, कंपन्यांना माणसे हलवण्याची सोय. पगार दर वेळी थोडा वाढतो. पण पहिल्या वर्षात दुसऱ्या माणसाने काय कमावले असते? म्युनिकमध्ये बी-वन पातळीपर्यंत आणलेली जर्मन, पदवीच्या मान्यतेसाठी दिलेला अर्ज, पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत लागलेला क्रमांक, दोनचार ओळखी. ॲम्स्टरडॅमच्या गाडीत बसताना यातले जवळपास काहीच सोबत येत नाही. डच शून्यापासून, अर्ज शून्यापासून, यादीत क्रमांक शेवटचा. पहिल्याचे घड्याळ चालू राहते, दुसऱ्याचे काटे मागे फिरवले जातात. याला कायद्याची एक फारशी न बोललेली बाजूही आहे. लग्न मोडले तर जोडीदाराला स्वतःच्या हक्काने राहता यावे यासाठी जर्मनीत साधारणपणे तीन वर्षे तिथेच एकत्र राहिलेले असावे लागते. छळासारख्या प्रसंगी अपवाद आहेत, पण नियम तो आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-एकत्रीकरण निर्देशात या काळाची कमाल मर्यादा पाच वर्षे आहे. अडीच वर्षांनी देश सोडणारे जोडपे हे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून निघत नाही, कारण सुखाच्या दिवसांत असे विचार अभद्र वाटतात. विम्याचा हप्ता भरताना मात्र आपल्याला तसे वाटत नाही.

म्हणून अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. कोलोन ते ॲम्स्टरडॅम रेल्वेने तीन तासांच्या आत होते, व्हिएन्ना ते हॅम्बर्ग रात्रभराचा प्रवास आहे. पण दुसऱ्या माणसाच्या हिशेबात हॅम्बर्ग जवळ आहे आणि ॲम्स्टरडॅम लांब, कारण व्हिएन्नात शिकलेली भाषा हॅम्बर्गला चालते. एकाच भाषेच्या प्रदेशात शहर बदलणे हे दादरहून ठाण्याला बिऱ्हाड हलवण्याइतके सोपे नसले तरी निदान संसार मोडून मांडण्यासारखे नसते. भाषा बदलणे तसे असते.

करपद्धतीही तटस्थ नाही. जर्मनीत १९५८ पासून नवराबायकोचे उत्पन्न एकत्र करून, निम्मे पाडून कर काढण्याची पद्धत आहे. एकाचा पगार मोठा आणि दुसऱ्याचा छोटा असेल तर मोठा पगारवाला सहसा तिसरा करवर्ग घेतो आणि छोट्याच्या वाट्याला पाचवा येतो. वर्षअखेरीचा हिशेब एकच होत असला तरी पाचव्या वर्गातल्या माणसाच्या हातात दर महिन्याला पडणारी रक्कम इतकी कापलेली असते की ‘यासाठी कशाला घराबाहेर पडायचे’ हा प्रश्न घरातच विचारला जातो. नेदरलँड्समध्ये कर वेगवेगळा लागतो, ते बरे. पण पाळणाघराचा सरकारी भत्ता दोघेही कमावत किंवा शिकत असतील तरच मिळतो. काम नाही म्हणून भत्ता नाही, भत्ता नाही म्हणून मूल घरी, मूल घरी म्हणून काम शोधायला वेळ नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो घरोघरी साध्या भाषेत मांडला जातो: एकाच्या युरोतल्या पगारात मुंबईतले दोघांचे पगार सहज बसतात, मग बिघडले कुठे? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ च्या निबंधात हेच गणित मांडले होते. कुटुंबाचा एकूण फायदा होत असेल तर एकाचे नुकसान होऊनही कुटुंब हलते, आणि त्या एकाला त्यांनी बांधलेला प्रवासी म्हटले. बायका जसजशा कमावू लागतील तसतसा हा ताण वाढेल आणि लग्नांवरही येईल, हेही त्यांनी तिथेच सांगितले होते. एकूण बेरजेचा हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण ती बेरीज सगळे सुरळीत चालले तरच खरी ठरते. ब्लू कार्डधारकाची नोकरी पहिल्या दोन वर्षांत गेली तर नवी शोधायला निर्देशाने किमान तीन महिने दिले आहेत, त्यानंतर सहा. एका पगाराच्या घरात नोकरी गेली की राहण्याचा हक्क, घरभाडे आणि मुलांची शाळा एकदम डळमळते. दुसरा माणूस स्वतःच्या नोकरीवर उभा असेल तर तोच मूळ परवानाधारक होऊ शकतो आणि पहिला त्याचा जोडीदार म्हणून राहू शकतो. लोअर परळने हे पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्या काळात कित्येक घरे तरली ती बायकांनी लाटलेल्या पापडांवर, शिवणावर, दुसऱ्यांच्या घरच्या धुण्याभांड्यांवर. ज्या घरांत कमाई एकाचीच होती त्यांना गावची एसटी धरावी लागली.

दुसरा आक्षेप असा की हा दोघांनी मिळून घेतलेला निर्णय असतो, तिऱ्हाईताने त्यात का पडावे? कुणी काही वर्षे घरी राहून मूल वाढवायचे ठरवले, भाषा शिकायची ठरवली, तर त्यात गैर काही नाही, आणि तसे ठरवणाऱ्या पुरुषांचे तर मला कौतुकच वाटते. पण निर्णय दोघांचा असण्यासाठी माहिती दोघांपुढे असावी लागते, आणि ऑफर लेटरमध्ये एकाचीच असते. तिसरा मार्ग म्हणून हल्ली घरून काम सुचवले जाते: मुंबईची नोकरी ठेवायची आणि ती बर्लिनच्या स्वयंपाकघरातून करायची. ऐकायला छान. पण बर्लिनमध्ये राहून केलेल्या कामावर जर्मनीचा कर आणि सामाजिक विमा लागतो, त्या भानगडीत पडायला मुंबईतल्या अनेक कंपन्या तयार नसतात. चार महिने गुपचूप चालते, मग बंद होते.

तेव्हा बदलीची बोलणी चालू असतानाच प्रश्न विचारायला हवेत, कारण सही झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला किंमत नसते. जोडीदाराच्या भाषावर्गाची फी कंपनी देणार का? पदवीच्या मान्यतेचा आणि अधिकृत भाषांतरांचा खर्च? तीन वर्षे देश न बदलण्याची हमी? सामान हलवायला कंटेनरचे पैसे देणाऱ्या कंपनीला हा खर्च जड जाऊ नये. आणि जोडप्याला निवड असेलच, तर पहिले शहर त्याच्या व्यवसायाला सोयीचे निवडावे ज्याला परवाना, भाषा आणि मान्यता लागते. संगणकवाल्याला काम कुठेही मिळेल, दंतवैद्याला ते ठरावीक दारांतूनच मिळते.

सरकारलाही यात भाग घ्यायला वाव आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मथळ्यांत आकडा आला दहा हजारांचा. तो मोजला गेला तो पूर्वीच्याच पद्धतीने, एकेक हात म्हणून. या दहा हजारांतले बरेच जण लग्न झालेले असतील किंवा होणार असतील. उमेदवारांना जर्मन शिकवण्याची तयारी महाराष्ट्राने दाखवली आहे. त्याच वर्गात, त्याच मास्तरांपुढे, शेजारच्या बाकावर उमेदवाराच्या नवऱ्याला किंवा बायकोला बसवायला फार तर आणखी एक वही लागेल.