मीटरमधला आकडा आणि माणसाची नियत

गेल्या महिन्यात शाळा सुटताना एक चाचा फाटकापाशी माझी वाट बघत उभे होते. त्यांचा मुलगा आठवी ते दहावी माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकला. पुढे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केला, दोन वर्षं कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये हात काळे केले आणि आता कुणकेश्वरला घरी बसून काम करतो. चाचा म्हणाले, "सर, पोरगा अर्धी रात्र लॅपटॉपसमोर असतो. विचारलं की सांगतो, शारजातल्या गाडीचा डॅशबोर्ड चालू करतोय. गाडी तिकडे, हा इकडे माडाखाली. ही कमाई हलाल आहे ना, एवढं बघून सांगा."

मोटारीतलं मला पेट्रोल भरण्यापलीकडे काही कळत नाही. तरी रविवारी संध्याकाळी गेलो.

पडवीला लागून खोली. टेबलावर लॅपटॉप, शेजारी इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. तिकडे गॅरेजमधल्या मलबारी मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावून आपला लॅपटॉप एका बीएमडब्ल्यूला जोडला होता, बॅटरीला चार्जर लावला होता. त्याचा स्क्रीन इथे आमच्यासमोर उघडा होता. काट्यांचं जुनं मीटर काढून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतलं डिजिटल मीटर बसवलं होतं. पण नुसतं बसवून भागत नाही. गाडी त्याला ओळखत नाही.

मी विचारलं, का ओळखत नाही? त्याने मला समजेल असं उत्तर दिलं. "सर, गाडीचाही सातबारा असतो. कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय बसवलं, त्याची यादी गाडीतच साठवलेली असते. नवीन मीटर लावलं की त्या यादीत फेरफार घालायचा, आणि मग बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरना कळवायचं की आता मालक बदलला." त्या यादीतले शब्द जर्मन होते. ‘आक्टीफ’ म्हणजे चालू, ‘निश्त आक्टीफ’ म्हणजे बंद. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर दडून बसणारं हे पोर जर्मन वाचत होतं. मास्तर म्हणून मला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

काम सुरू करण्याआधी त्याने मूळ माहितीची प्रत काढून ठेवली. लागणाऱ्या सगळ्या फायली आधीच तिकडच्या लॅपटॉपवर पाठवल्या होत्या. मधेच इथली लाईट किंवा रेंज गेली तरी तिकडचं काम अर्धवट तुटू नये म्हणून. तुटलं तर हजारो रुपयांचा भाग कायमचा मरू शकतो. पाऊण तासाने पलीकडे स्क्रीन उजळला. मैलांऐवजी किलोमीटर, इंग्रजीऐवजी अरबी. अमेरिकेतून आलेली गाडी आखातात विकायची तर हे बदल लागतातच.

यात मला चोरी कुठे दिसली नाही. गाडी मालकाची, मीटर विकत घेतलेलं, मजुरी कामाची.

पण खरी गोष्ट चाचांनी नंतर सांगितली. शारजातल्या दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने पोराला एक काम दिलं होतं. गाडी एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली. मीटर बदलतानाच आकडा सत्तर हजार करून दे, पैसे तिप्पट. पोराने नाही म्हटलं. त्या दिवसापासून त्या गॅरेजचं काम बंद. महिन्याची निम्मी कमाई गेली. आता मामू फोन करतोय की इकडे ये, ड्रायव्हरची नोकरी लावून देतो. चाचांना विचारायचं होतं ते हेच: पोराने बरोबर केलं की शहाणपणा दाखवून पोटावर पाय आणला?

इथे मला माझी गाडी आठवली. पाच वर्षांपूर्वी घेतलेली जुनी हॅचबॅक. मीटरवर बेचाळीस हजार. पहिल्याच सर्व्हिसिंगला मेकॅनिकने पेडलचं झिजलेलं रबर दाखवलं आणि हसला. "मास्तर, ही लाखाच्या पुढे गेलेली आहे." पुढच्या वर्षभरात क्लच, सस्पेन्शन, सगळं माझ्या पगारातून गेलं. ज्याने तो आकडा खाली आणला, त्यालाही कुणीतरी मजुरी दिलीच असेल.

गंमत बघा, दोन्ही कामं एकच आहेत. दुसऱ्या गाडीतून आणलेल्या मीटरमध्ये त्या गाडीचे किलोमीटर असतात. ते काढून या गाडीचे खरे किलोमीटर लिहावेच लागतात. बोटं तीच, प्रोग्रॅम तोच. खरा आकडा लिहिला तर दुरुस्ती, खोटा लिहिला तर दरोडा. मधे फक्त नियत उभी आहे. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की एवढं मोठं काम एकट्या पोराच्या नियतीवर सोडून आपण नामानिराळे राहू शकत नाही.

अमेरिकेत 1972 पासून याचा कायदा आहे. मीटर दुरुस्त करताना किंवा बदलताना जुना आकडा राखता येत नसेल तर शून्य करायचा, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर आधीचा आकडा व तारीख लिहून चिठ्ठी चिकटवायची. साधी चिठ्ठी! आपल्याकडे फसवणुकीचं कलम आहे, पण ते फसल्यानंतरचं. मीटर बदलल्याची नोंद आरसीबरोबर ठेवण्याची सक्ती झाली तर माझ्यासारखे कितीतरी जण वाचतील, आणि नाही म्हणणाऱ्या पोरालाही "कायदा आहे, शेठ" असं सांगता येईल.

दुसरी बाजू कंपन्यांची. 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीट चालू करायला महिन्याचं भाडं लावलं. लोक चिडले, 2023 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. विकलेल्या घराच्या एका खोलीची किल्ली विकणाऱ्याने खिशात ठेवावी, तसला हा प्रकार. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. दरवाजा बंद असला की माणूस खिडकीतून येतो, आणि खिडकीतून आलेल्याला चोर म्हणणं सोपं जातं.

कंपन्यांची भीती अगदीच खोटी नाही. 2015 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून इंटरनेटवरून रस्त्यावरची जीप ताब्यात घेऊन दाखवली. त्यानंतर 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणूनच किल्ली कुणाच्या हातात आहे याची नोंद हवी. परीक्षा घ्या, परवाना द्या, प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव येऊ द्या. पण किल्ली कुणालाच नाही, हा काही उपाय नव्हे.

हेच काम पुण्यात, हिंजवडीच्या काचेच्या इमारतींमध्ये, इंजिनिअर पगार घेऊन करतात. त्यांना कुणी विचारत नाही की कमाई कसली. कुणकेश्वरच्या पोराला विचारतात, कारण त्याच्याकडे बिल्ला नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक कोर्समध्ये पाना-स्क्रू ड्रायव्हरबरोबर हे कोडिंगही शिकवा, आणि शिकवताना पहिला धडा आकड्याचा ठेवा. आपली किती पोरं वर्षानुवर्षं आखाताकडे गेली. आता आखातातलं काम गावात येतंय, तर त्याला निदान नाव तरी द्या.

चाचांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कमाई हलाल आहे. दोन, पोराने जे काम नाकारलं त्यामुळेच ती हलाल आहे. पोरालाही सांगितलं की यापुढे प्रत्येक कामाला जुन्या मीटरचा फोटो, गाडीचा नंबर आणि तारीख बिलावर टाकत जा. कायदा येईल तेव्हा येईल, तुझी चिठ्ठी तू आजपासून चिकटव.

चाचा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग मामूला काय सांगू?" मी म्हटलं, सांगा की पोरगा शारजातच नोकरीला आहे, फक्त झोपायला घरी असतो.