किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

विकेंद्रीकरण हा शब्द आपल्याला नवा नाही. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि गावच्या कारभारात एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. त्यानंतर सहाच दिवसांनी, ३० एप्रिलला, जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेनं एक कागद काढला. तिथं काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडलेली आणि पुढे उभी केलेली ‘वर्ल्ड वाइड वेब’ ही रचना यापुढे कुणालाही वापरता येईल, त्यासाठी पैसे मोजावे लागणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण अधिकार एका ठिकाणी साचू नये, हे दोन्हींमागचं म्हणणं एकच. तीस वर्षांवर काळ लोटल्यावर दोन्हींचा हिशेब मांडला, तर त्यातही बरंच साम्य निघतं.

गावातला हिशेब आपल्याला पाठ आहे. बाई सरपंच झाली, पण शिक्का आणि चेकबुक नवऱ्याच्या खिशात. खुर्चीवर ती, बोलतोय तो. तरीही त्याच आरक्षणातून पाणी, रेशन, दारूबंदी यांवर ठामपणे बोलणाऱ्या बायका उभ्या राहिल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं या जागा निम्म्यावर नेल्या. म्हणजे सत्ता खाली उतरली की ती आपोआप बाईपर्यंत पोचत नाही. पण ती वरच अडून राहिली, तर पोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वेबच्या विकेंद्रीकरणाची जी चर्चा गेली काही वर्षं नव्यानं चालू आहे, तिच्याकडे या अनुभवातून पाहायला हवं, असं आम्हाला वाटतं. ‘हे तांत्रिक लोकांचं काम, आपल्याला काय करायचंय’ असं म्हणून पान उलटू नका.

सुरुवातीची वेब विकेंद्रितच होती. संगणक आणि टेलिफोनची तार असली की कुणालाही आपलं पान मांडता येई. ईमेल तर आजही तशीच आहे. तुमचा पत्ता एका कंपनीचा, माझा दुसऱ्या, तरी पत्र पोचतं. कारण पत्राची रीत सगळ्यांनी मिळून ठरवलेली आहे, ती कुणा एकाच्या मालकीची नाही. १९९५ साली बेजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी, शेजारी हुआयरोला भरलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या मेळाव्यात, असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स या संस्थेच्या स्त्रियांनी संगणकांचं दालन उभं केलं, चालवलं आणि येणाऱ्या बायकांना ईमेल शिकवली. तारा जोडणाऱ्या, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या, शिकवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. हा आपला इतिहास आहे, आणि इंटरनेटच्या इतिहासात तो क्वचितच सांगितला जातो.

मग हे सगळं चारदोन कंपन्यांच्या वाड्यात कसं गेलं? जबरदस्तीनं नाही. स्वतःचा सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवायचा संगणक, सांभाळणं कटकटीचं. कुणीतरी येऊन म्हणालं, ‘आमच्याकडे राहा, भाडं नाही, झाडलोट आम्ही करू.’ आपण गेलो. मैत्रिणी गेल्या म्हणून आणखी मैत्रिणी गेल्या. भाडं जाहिरातदार भरत होते आणि त्या बदल्यात आपण काय वाचतो, कुणाशी बोलतो याची नोंद त्यांना मिळत होती, हे पुढे कळलं. फेसबुक २००४ साली सुरू झालं. २०१२ मध्ये त्यानं इन्स्टाग्राम घेतलं. २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सअ‍ॅप घ्यायचं ठरवलं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी या एका मालकाच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ही तिन्ही घरं जगभर जवळजवळ सहा तास एकदम बंद पडली.

बिघाड एक वेळ परवडला. मालकाचं मन बदलणं त्याहून महाग पडतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका उद्योगपतीनं ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतलं. त्याच डिसेंबरात, छळ आणि द्वेष रोखण्यासाठी सल्ला देणारं बाहेरच्या जाणकारांचं मंडळ बरखास्त झालं. २०२४ च्या अखेरीस ‘ब्लॉक’ करण्याचा अर्थच बदलला. तुम्ही ज्याला दूर ठेवलं आहे, त्यालाही तुमचं जाहीर लिखाण वाचता येऊ लागलं. पाठलाग करणाऱ्या माणसापासून स्वतःला वाचवणाऱ्या बाईसाठी ब्लॉक म्हणजे दाराची कडी. ती कडी काढताना कुणी तिला विचारलं नाही. विचारण्याची काही रीतच तिथे नव्हती.

‘मग सोडून द्या ना ते घर,’ असं सल्ले देणारे म्हणतात. छळ होणाऱ्या बाईलाही हेच म्हणतात. जाणार कुठे आणि काय घेऊन? नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडणं काय असतं, हे आपल्या सल्ला केंद्रांवर बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. स्त्रीधन हे बाईचंच, नवऱ्यानं वा सासरच्यांनी ते अडकवून ठेवलं तर तो गुन्हा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. इथे मात्र दहा वर्षांचं लिखाण, फोटो, सभांच्या नोंदी आणि मुख्य म्हणजे जोडलेली माणसं सगळी त्या घरातच राहतात. लिखाणाची प्रत उतरवून घेता येते, पण माणसांची साखळी दुसरीकडे नेता येत नाही. आणि कधी घरच पाडलं जातं. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद पडले, आणि त्याआधीच तिथला जुना साठा पुसला गेला होता.

विकेंद्रित वेबचं मोल आम्हाला वाटतं ते इथे. ती अधिक आधुनिक किंवा अधिक पवित्र आहे म्हणून नव्हे, तर सामान घेऊन बाहेर पडण्याचा हक्क ती मान्य करते म्हणून.

ही रचना समजायला अवघड नाही. २०१६ साली ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणानं ‘मॅस्टोडॉन’ सुरू केलं. ते एक घर नाही, हजारो छोट्या घरांची वस्ती आहे. एखादी संस्था, एखादं विद्यापीठ, एखादा मित्रांचा गट आपापला सर्व्हर चालवतो, आपले नियम ठरवतो, आणि तरी एका घरातली बाई दुसऱ्या घरातल्या बाईशी बोलू शकते, ईमेलसारखीच. या संवादाची सामायिक रीत, ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’, वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये मान्य केली. घर पटलं नाही तर दुसरीकडे जाता येतं आणि तुमचं लिखाण वाचणारी माणसं तुमच्याबरोबर येतात. जुनं लिखाण मात्र येत नाही. म्हणजे स्त्रीधन अजून अर्धंच हाती आहे. २०२४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं ‘ब्लूस्काय’ लिखाणासकट घर बदलण्याची सोय देऊ पाहतं, पण तिथली बहुतेक माणसं अजून एकाच कंपनीच्या छपराखाली राहतात. युरोपीय संघानं कायद्याचा मार्ग धरला. मार्च २०२४ पासून तिथल्या बड्या कंपन्यांवर आपली दारं इतरांसाठी उघडण्याचं बंधन आलं.

आता दुसरी बाजू. ती आपण नाही सांगितली तर कोण सांगणार?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगाथेला कडक शब्दांत नकार दिला होता. राज्याचा पाया खेडं नव्हे, व्यक्ती, ही त्यांची भूमिका. कारण सत्ता जवळ आली की पाटीलही जवळ येतो. वेबवरच्या छोट्या वस्त्यांचंही तसंच आहे. प्रत्येक सर्व्हरला एक चालक असतो आणि त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या असतात. चालक भला असेल तर ठीक. नसेल तर त्याच्यावर ना निवडणूक, ना लेखापरीक्षण. २०१९ च्या जुलैमध्ये ‘गॅब’ या वंशद्वेषी मंडळींच्या आवडत्या जागेनं मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर उचललं. ते सगळ्यांना मोफत असल्यामुळे कुणी अडवू शकत नव्हतं. बाकीच्या अनेक सर्व्हरांनी मिळून गॅबशी संबंध तोडले, आणि ते योग्यच केलं. पण हेच हत्यार उलटंही चालतं. चालकाच्या चुकीसाठी अख्खा सर्व्हर तोडला गेला, की तिथल्या निरपराध बाईचाही सगळ्यांशी संबंध तुटतो. ज्या महाराष्ट्राला वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, तिथल्या बायकांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

आमच्या मते याहून गंभीर प्रश्न पुसून टाकण्याचा आहे. विकेंद्रित जाळ्यात तुम्ही लिहिलेलं वा टाकलेलं चित्र अनेक सर्व्हरांवर पोचतं. तुम्ही ते काढलंत, तर बाकीच्यांना ‘काढा’ असा निरोप जातो. निरोप पाळायचा की नाही, हे त्या त्या चालकावर. ब्लॉकचेनचे पुरस्कर्ते तर एकदा लिहिलं की कधीच पुसता येत नाही, हेच आपलं भूषण म्हणून मिरवतात. (शिवाय त्यांच्या अनेक योजनांत ज्याच्याकडे नाणी जास्त त्याची मतंही जास्त. याला लोकशाही म्हणायचं तर सावकारीलाही म्हणावं लागेल.) ज्या मुलीचा खासगी फोटो सोडून गेलेल्या मित्रानं पसरवला आहे, तिच्यापुढे ‘कधीच पुसता येत नाही’ हे वाक्य उच्चारून पाहा. आज निदान भारतातल्या २०२१ च्या नियमांचा आधार घेऊन मोठ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं दार ठोठावता येतं. परदेशात कुणाच्या तरी माळ्यावर चाललेल्या छोट्या सर्व्हरचं दार कुठे शोधायचं?

आणि हे सगळं निस्तरतं कोण? घाण उपसणं, भांडणं मिटवणं, रडणारीला धीर देणं, रात्री अपरात्री आलेल्या तक्रारी वाचणं हे काम कंपन्या तुटपुंज्या पगारावर करून घेतात आणि छोट्या सर्व्हरांवर ते बहुधा फुकट होतं. घरकामासारखंच, केलं तर दिसत नाही, नाही केलं तर सगळ्यांना दिसतं. १९७० च्या सुमारास अमेरिकन स्त्रीवादी जो फ्रीमन यांनी बिनरचनेच्या गटांबद्दल एक निबंध लिहिला. आमच्यात कुणी नेता नाही असं म्हणणाऱ्या गटांतही नेते असतातच, फक्त ते लपलेले असतात आणि म्हणून त्यांना जाब विचारता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. विकेंद्रित वेब उभी करणाऱ्या उत्साही तरुणांनी तो वाचावा. आपणही आपल्या संघटनांकडे पाहत पुन्हा वाचायला हरकत नाही.

शिवाय वरची घरं कितीही विखुरली, तरी खालची तार कुणाच्या हातात आहे? ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये सरकारनं ती तोडली, तेव्हा कुठलंच जाळं उपयोगी पडलं नाही. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयानं अशी बंदी अनिश्चित काळासाठी घालता येणार नाही असं म्हटलं, तरी वेगवान मोबाइल इंटरनेट सर्वत्र परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. आणि तारेच्याही आधी हातातला फोन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवरून बोलणाऱ्या बाईसाठी आज तरी केंद्र आणि विकेंद्र दोन्ही सारखंच दूर आहे.

म्हणून काही करू नये असं नाही. प्रत्येक गटानं लगेच सर्व्हर मांडावा असंही नाही. पण काही कामं आजच करता येतील. आपल्या सभासदांची नावं आणि पत्ते फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात न ठेवता आपल्या वहीत ठेवा, आणि ती वही सुरक्षित जागी. संस्थेच्या नावाचा स्वतःचा वेब-पत्ता घ्या; त्याचा वर्षाचा खर्च एका बैठकीच्या चहापाण्याइतका येतो. तो पत्ता एखाद्या कार्यकर्तीच्या भावाच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर असू द्या, आणि संकेतशब्द निदान दोघींना माहीत असू द्या. फेसबुकवर टाकलेल्या अहवालांची प्रत दर तिमाहीला उतरवून घ्या. चारपाच संघटनांनी मिळून एक सर्व्हर चालवावा, त्याचे नियम सभेत ठरवावेत आणि निगा राखणारीला मानधन द्यावं, ही कल्पना खर्चिक आहे पण अशक्य नाही. मुलींच्या शिबिरांत आपण संगणक वापरायला शिकवतोच, एखादं सत्र तो उघडून दुरुस्त करायला शिकण्याचंही ठेवू या.

तुमच्या गटाचं लिखाण, फोटो आणि याद्या आज कुठे आहेत, कुणाच्या नावावर आहेत आणि संकेतशब्द कुणाकडे आहे, हे आधी तपासून पाहा आणि आम्हाला एका पोस्टकार्डावर किंवा ईमेलनं कळवा. आलेली पत्रं पुढच्या अंकात छापू. संकेतशब्द तेवढा लिहून पाठवू नका.

– संपादक मंडळ