शंभरीच्या आजींना काय विचारावे?

क्रोएशियात एखाद्या आजींनी शंभरी ओलांडली की वार्ताहर हमखास विचारतात, "आजी, आहार काय?" खरे तर विचारावे, "काय काय पाहिलेत?" 1910 साली झाग्रेबमध्ये जन्मून शंभर वर्षे जगलेल्या बाईने गाव न सोडताही ऑस्ट्रिया-हंगेरी, 1918 नंतरची राजेशाही, 1941 ची फॅसिस्ट राजवट, 1945 पासूनचा साम्यवादी युगोस्लाव्हिया आणि 1991 चा स्वतंत्र क्रोएशिया पाहिला. एवढा इतिहास एका आयुष्यात!

विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी वहीत उतरवून घ्या. पालकांनी त्यासाठी वेळ द्यावा, विश्वस्तांनी त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपाव्यात. आज-उद्या करता करता ही माणसे निघून जातात.