वीस बिट्सचं फिटिंग

माझ्या एका मैत्रिणीने पुण्याहून आईला नवा चष्मा पाठवला. आई राहते वळसंगला, म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं ते गाव. पत्ता अगदी बरोबर. फक्त घाईघाईत पिनकोडचा शेवटचा अंक दोनदा दाबला गेला. सहाऐवजी सात अंक! वेबसाइटने हूं की चूं केलं नाही. पार्सल कुठेकुठे फिरत राहिलं आणि आई पंधरा दिवस तडकलेल्या काचेतून पोथी वाचत बसली.

मैत्रीण स्वतः सॉफ्टवेअरवाली. त्यामुळे तिला कुरिअरवाल्यापेक्षा त्या प्रोग्रॅमचाच जास्त राग आला.

तिचं लॉजिक असं. बहुतेक लँग्वेजेसमध्ये पूर्णांकांची मापं रेडिमेड शर्टांसारखी ठरलेली असतात : ८, १६, ३२, ६४ बिट्स. १६ बिट्समध्ये मावतात ६५,५३५ पर्यंतचे आकडे. पिनकोडला एकदम तोकडे! ३२ घ्यावेत, तर मजल थेट ४२९ कोटींपर्यंत. इतक्या ढगळ शर्टात सात अंकी पिनकोडही आरामात घुसतो. खरं तर आपल्याला हवेत फक्त २० बिट्स. त्यात १०,४८,५७५ पर्यंतचे आकडे बसतात आणि सहा अंकी सर्वांत मोठी संख्या आहे ९,९९,९९९. परफेक्ट फिटिंग!

पण वीसचं माप दुकानात नाही. मग शिंपी गाठायचा! रस्ट या लँग्वेजसाठी 'यूएक्स' नावाची लायब्ररी आहे. ती ७, ९, २० अशी अडनिडी मापं शिवून देते. गंमत म्हणजे कापड काही वाचत नाही, कारण आतून 'यू२०' ३२ बिट्सच वापरतो. फायदा वेगळाच आहे. न मावणारा आकडा कोंबायला गेलात, की प्रोग्रॅम दारातच अडवतो. आईच्या चष्म्याचं गाडं तिथेच थांबलं असतं.

तसा पिनकोडही गोंधळ टाळण्यासाठीच आला. एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत. त्यावर तोडगा काढला टपाल खात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याने. संस्कृतचे पंडित असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर! १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्हा, शेवटचे तीन तुमचं पोस्ट ऑफिस.

अर्थात, शिंपी म्हणजे देव नव्हे. सोलापूरच्या ४१३ ऐवजी ४३१ दाबलंत, तर 'यू२०' ते निमूट घेईल आणि चष्मा निघेल मराठवाड्याला. त्यासाठी पिनकोड गावाच्या नावाशी ताडून बघणंच भाग आहे.

मैत्रीण आता पत्ता दोनदा वाचते. आणि ऑफिसात कुणी 'इंटिजर टाक, चालतंय' म्हटलं, की पहिला प्रश्न विचारते, 'कितीचा?'